धाव ढिली झाली तेव्हा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कात्रजचा घाट मागे टाकला की चेलाडी फाट्यावरून उजवीकडे नसरापूरचा रस्ता लागतो. पुढे बनेश्वर, त्याच्यापुढे मार्गासनी, वेल्हे. आज या रस्त्यानं गाड्या सुसाट जातात. साठ वर्षांपूर्वी याच वाटेनं आमची बैलगाडी भाताची पोती घेऊन नसरापूरच्या बाजाराला यायची.

गाडी म्हटली की लोकांना बैल आठवतात. मला आठवते ती चाकाची धाव. धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी. तुंबा, आरे आणि बाहेरचं लाकडी कडं यांना आवळून धरते ती हीच.

हे चाक आपल्याकडे फार जुनं नाही. मावळातला माल शतकानुशतकं बैलांच्या पाठीवरून गेला. खंडाळ्याच्या घाटातून चाकाची वाहनं जातील असा रस्ता १८३० साली खुला झाला. त्याच दशकात गेसफर्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुणे-सोलापूर भागात भरीव चाकांच्या जड गाड्यांऐवजी सुधारलेली हलकी गाडी रुळवली. रस्ते वाढले, गाड्या वाढल्या आणि गावच्या सुतार-लोहारांचं काम वाढलं.

धाव चढवण्याचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना जत्राच. लोहार कडी चाकापेक्षा किंचित लहान करायचा. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची. साडेचार फुटी चाकाची धाव अशी तापली की तिचा घेर इंचभर वाढतो. चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवायची, घण मारायचे आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसताना लाकडाचे सांधे करकरत आवळले जात. ना खिळा, ना डिंक!

पण उन्हाळ्यात लाकूड सुकतं आणि धाव ढिली पडते. मग कोणी चाकं रात्रभर नदीत ठेवी, कोणी फटीत लाकडाच्या पाचरी मारी. त्यानंही भागलं नाही, तर धाव कापून, थोडी आखूड करून पुन्हा जोडायची. पत्रा झिजून पातळ झाला, की मात्र नवी धाव हाच उपाय.

१९६२-६३च्या सुमाराची गोष्ट. आमच्या लोहारकाकांनी धावेवर बोट फिरवलं आणि आजोबांना म्हणाले, "दादा, आता जोड नको. नवी घाला." लोहारकाकांच्या कामाला बलुत्याचं धान्य होतं, लोखंडाला मात्र रोख पैसे लागत. आजोबा म्हणाले, "एवढा हंगाम काढून दे, गड्या." काकांनी मुकाट्यानं जोड मारून दिला.

गुंजवणीच्या पात्रात दगडावर चाक चढलं आणि धाव जोडावर तुटली. चाक आडवं झालं, पोती पाण्यात गेली. जुवाखाली अडकलेल्या डाव्या बैलाचा पाय मोडला. तो बैल पुन्हा कधी गाडीला लागला नाही. नव्या धावेला लागले असते त्याच्या कितीतरी पट पैसे गेले. लोहारकाका आले, बैलाजवळ बसले. "मी सांगितलं होतं" असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

पुढे रस्ते डांबरी झाले. लोखंडी धाव डांबर उखडायची आणि बैलाचे खूर डांबरावर घसरायचे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या. जोडीच्या आठ पायांना सोळा. त्यांतली एखादी सैल झाली तरी बैल लंगडायचा. हळूहळू रबरी टायरची 'डनलॉप'ची गाडी आली. बैलांच्या खांद्यांना आराम मिळाला, हे मान्यच केलं पाहिजे.

दूर कॅनडातल्या बोंबार्दिए नावाच्या कारागिराचा लहान मुलगा १९३४च्या हिवाळ्यात गेला. रस्ते बर्फानं बंद होते, त्याला इस्पितळात नेता आलं नाही. बापानं पुढे बर्फावर चालणाऱ्या गाडीचा पट्टा घडवला आणि १९३७ साली त्याचं पेटंट मिळवलं. आज तशा गाड्यांच्या रबरी पट्ट्यांना बर्फात रुतणारे धातूचे खिळे बसवतात. पट्टा चिरला की तिथल्या माणसापुढेही तोच प्रश्न असतो: जोड मारायचा की नवा घालायचा?

हत्यारं बदलतात, प्रश्न बदलत नाही. उत्तर बहुतेक वेळा आपल्या खिशाला विचारलं जातं. ते धावेवर बोट फिरवणाऱ्याला विचारावं, एवढंच मी त्या नदीत शिकलो.