हमी आणि प्रतिहमी : १९९१ च्या चलनसंकटाचा गुहागरातील उत्तरभाग

१९९१ च्या जानेवारीत भारताजवळ परकीय चलनाची गंगाजळी सुमारे १.२ अब्ज डॉलर, म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांच्या आयातीपुरती, उरली होती. पुढे मे महिन्यात २० टन व जुलैत सुमारे ४७ टन सोने परदेशी बँकांच्या स्वाधीन करावे लागले. त्याच जुलैच्या प्रारंभी रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले. हा भाग सर्वज्ञात आहे. सोने थोड्याच अवधीत सोडविण्यात आले आणि १९९४ च्या मार्चअखेर गंगाजळी सोन्यासह १९ अब्ज डॉलरांच्या वर गेली. राष्ट्रीय हिशेबात संकट येथे संपते. गुहागर तालुक्यात त्याचा उत्तरभाग याच सुमारास सुरू झाला.

विजेची टंचाई होती आणि शासनाच्या नावावर नवे कर्ज नको होते. तेव्हा भांडवल परकीयांनी आणावे व वीज मंडळाने ती वीज विकत घ्यावी, असा मार्ग काढण्यात आला. जून १९९२ मध्ये एन्रॉन कंपनीशी सामंजस्य करार झाला. जागतिक बँकेने १९९३ मध्ये या प्रकल्पास अर्थसाह्य नाकारले. तरीही त्या वर्षाच्या ८ डिसेंबरला महाराष्ट्र राज्य वीज मंडळ व दाभोळ पॉवर कंपनी यांच्यात वीजखरेदीचा करार झाला. कंपनीत एन्रॉनचा वाटा ८० टक्के, तर जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के होता. कंपनीच्या नावातील दाभोळ वाशिष्ठी खाडीच्या उत्तर तीरावर, दापोली तालुक्यात आहे. जमीन गेली ती दक्षिण तीरावरील अंजनवेल-वेलदूर परिसराची.

मंडळाच्या देण्यास राज्य शासनाने हमी दिली व १९९४ मध्ये केंद्र शासनाने त्या हमीस प्रतिहमी दिली. ‘प्रतिहमी’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांतून रूढ झाला तो याच प्रकरणामुळे. गावच्या व्यवहारात जामीन राहणारा हा तिऱ्हाईत असतो; ऋणको बुडाला तर त्याची स्वतःची मालमत्ता पणास लागते. येथे ऋणको सार्वजनिक, जामीन सार्वजनिक आणि जामिनाचा जामीनही सार्वजनिक होता. सावकाराच्या दृष्टीने तीन नावे होती. करदात्याच्या दृष्टीने खिसा एकच होता. कर्ज टाळल्याचा जो आभास निर्माण झाला तो या शब्दाच्या बळावर, असे म्हणावे लागते.

कराराचा खरा भार त्याच्या दररचनेत होता. मंडळाने वीज उचलो वा न उचलो, क्षमतेपोटी स्थिर आकार द्यावयाचा होता. त्यामुळे उचल जितकी कमी, तितका प्रत्येक युनिटचा भाव चढे. शिवाय आकाराचा मोठा भाग व इंधनाची किंमत डॉलरशी निगडित होती. १९९३ मध्ये डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता, २००१ मध्ये सुमारे ४७ रुपयांना. विनिमयदराचा जो धोका १९९१ मध्ये देशाच्या तिजोरीने अनुभवला होता, तोच अशा रीतीने वीज मंडळाच्या माथी आला.

ऑगस्ट १९९५ मध्ये नव्या राज्य शासनाने करार रद्द केला, पण पुढे वाटाघाटी करून प्रकल्प वाढवून घेतला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. दीड वर्षातच मंडळाची देणी थकली. फेब्रुवारी २००१ मध्ये प्रतिहमीचा आधार घेण्यात आला आणि मे महिन्याच्या अखेरीस संच बंद पडले. एन्रॉन दिवाळखोरीत गेली ती त्यानंतर, २ डिसेंबर २००१ रोजी. तेव्हा प्रकल्पाच्या अपयशाचे खापर अमेरिकेतील हिशेबी लबाडीवर फोडणे कालक्रमाला धरून नाही.

दुसरा टप्पा अपुरा राहिला व बांधकामावरील मजूर पांगले. कर्ज मात्र जागेवर होते. आय.डी.बी.आय., स्टेट बँक, आय.सी.आय.सी.आय. आदी भारतीय संस्थांनी स्वतः पैसा घातला होताच. परकीय कर्जाच्या काही भागासही त्याच जामीन होत्या. अखेर जुलै २००५ मध्ये एन.टी.पी.सी., गेल व या संस्था यांनी मिळून रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी स्थापन केली. परकीय भांडवल आणण्यासाठी योजलेला प्रकल्प अशा रीतीने स्वदेशी सार्वजनिक पैशाने सोडवून घेण्यात आला. पुढे नैसर्गिक वायूचा पुरवठा आटला. द्रवरूप वायूचे बंदर २०१३ मध्ये चालू झाले, परंतु लाटा अडविणारा बांध अपुरा असल्याने पावसाळ्यात तेथे जहाजे लागत नसत. पुढे हे बंदर कोकण एल.एन.जी. या निराळ्या कंपनीकडे देण्यात आले आणि मालमत्तेबरोबर जुन्या कर्जाचीही दोन कंपन्यांत वाटणी झाली.