चुकलेला भागाकार : पेंटियम चिप आणि तिचे ग्राहक, १९९४

१/
४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले, तर उत्तर येते १.३३३८२०४... कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या शाळकरी मुलालाही हेच उत्तर मिळेल. परंतु १९९४ साली इंटेल या जगप्रसिद्ध कंपनीचा नवा प्रोसेसर याच भागाकाराचे उत्तर १.३३३७३९०... असे देत होता. दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या स्थळापासून पुढचे सारे चुकलेले! आजचा धागा या चुकीविषयी आहे. त्याहूनही अधिक, तो एका प्रश्नाविषयी आहे: वस्तूतला दोष 'क्षुल्लक' आहे, हे कोणी ठरवायचे? ती घडवणाऱ्याने, की वापरणाऱ्याने?

२/
प्रथम पार्श्वभूमी. १९८० च्या दशकात इंटेलचे खरे ग्राहक म्हणजे संगणक बनवणाऱ्या कंपन्या. चिपमध्ये काही बिघाड आढळला, तर दोन्हीकडचे अभियंते आपसांत बोलून तो निस्तरत. घरी संगणक वापरणाऱ्या माणसाला आतल्या चिपचे नावही ठाऊक नसे. १९९१ मध्ये 'इंटेल इनसाइड' ही जाहिरात मोहीम आली आणि संगणकांच्या दर्शनी भागावर कंपनीचे छोटे लेबल झळकू लागले. न दिसणाऱ्या वस्तूला चेहरा मिळाला. त्याबरोबर एक नवे नातेही जन्माला आले. त्या नात्याची जबाबदारी किती मोठी असते, याचा अंदाज मात्र कंपनीला अजून आला नव्हता.

३/
मार्च १९९३ मध्ये पेंटियम बाजारात आला. एका चिपवर सुमारे ३१ लाख ट्रान्झिस्टर. आधीच्या ३८६, ४८६ या मालिकेप्रमाणे याचे नाव ५८६ व्हायचे. पण नुसत्या आकड्यावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळत नाही, म्हणून खास नाव घडवण्यात आले. 'पेंटियमचे जनक' म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, ते अभियंते विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. दिल्लीत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेला गेले आणि १९७९ मध्ये इंटेलमध्ये दाखल झाले.

४/
आता दुसरे पात्र. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग कॉलेज नावाची एक छोटी शिक्षणसंस्था होती. तेथे थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जोडमूळ संख्यांवर काम करत होते. ३ आणि ५, ५ आणि ७, ११ आणि १३ अशा, ज्यांच्यात फक्त २ चा फरक असतो, त्या मूळ संख्यांच्या जोड्या आपण शाळेत शिकतो. या सगळ्या संख्यांच्या गुणाकार व्यस्तांची बेरीज करत गेले, तर ती एका ठरावीक किमतीपलीकडे जात नाही, हे नॉर्वेचे गणिती व्हिगो ब्रुन यांनी १९१९ मध्ये सिद्ध केले होते. ती किंमत अधिकाधिक अचूक काढणे हा नाइसली यांचा उद्योग.

५/
या कामात कोट्यवधी भागाकार करावे लागतात आणि ते अत्यंत अचूक असावे लागतात. नाइसली अनेक संगणक एकाच वेळी कामाला लावत. मार्च १९९४ मध्ये त्यांनी त्यात पेंटियम असलेल्या संगणकाची भर घातली. १३ जून रोजी त्यांच्या लक्षात आले, की आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

६/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबावे. नाइसली यांनी लगेच चिपकडे बोट दाखवले नाही. आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला. मग प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर, मग संगणकाचे इतर भाग. एकेक संशयित निर्दोष ठरवत जाण्यात चार महिने गेले. १९ ऑक्टोबरपर्यंत एकच संशयित उरला: पेंटियममधला, दशांश अपूर्णांकांची गणिते करणारा भाग. ८२४६३३७०२४४१ या संख्येचा गुणाकार व्यस्त काढला, की आठव्या सार्थ अंकापुढचे सगळे अंक चुकीचे येत होते. साधन तपासल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, ही शिस्त जुन्या कागदपत्रांच्या अभ्यासातही तितकीच मोलाची आहे.

७/
चूक झाली कशी? शाळेतला लांबलचक भागाकार आठवा. प्रत्येक पायरीवर आपण मनाशी म्हणतो, "भाग कितीचा जाईल?" आणि पाढ्यांच्या आधारे अंदाज करतो. पेंटियमही तेच करत होता. फक्त पाढ्यांच्या जागी चिपवर कोरलेला एक तक्ता होता. भाज्य आणि भाजक यांचे पहिले काही अंक पाहायचे, तक्त्यातली नोंद शोधायची आणि तो अंक भागाकारात मांडायचा. या युक्तीमुळे पेंटियम आपल्या पूर्वजांपेक्षा कितीतरी वेगाने भागाकार करू शकत असे.

८/
इंटेलने नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार, या तक्त्यात १०६६ नोंदी असायला हव्या होत्या. त्यांपैकी ५ चिपवर उतरल्याच नाहीत. जेथे २ हा अंक मिळायला हवा, तेथे शून्य मिळत असे. त्या रिकाम्या घरांपर्यंत पोहोचणारे भागाकार फार थोडे, म्हणून नेहमीच्या चाचण्यांमध्ये दोष निसटला. एखाद्याने पाढे पाठ केले, पण एखादा 'सत्ते अठ्ठे' विसरला, तर तो प्रसंग येईपर्यंत कोणाला कळणार?

९/
नाइसली यांनी २४ ऑक्टोबरला इंटेलला कळवले. समाधानकारक उत्तर आले नाही, तेव्हा ३० ऑक्टोबरला त्यांनी काही परिचितांना ईमेल पाठवून विनंती केली, की तुमच्याकडच्या यंत्रांवर हे पडताळून पाहा. त्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट अशी, की हा दोष इंटेलच्या स्वतःच्या तपासणीत त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात सापडलेला होता. चिपच्या पुढील आवृत्तीत दुरुस्ती करायची, असे ठरले. विकल्या गेलेल्या चिपांच्या मालकांना कळवावे, असे मात्र कोणाला वाटले नाही.

१०/
आणि येथे इतिहास वळण घेतो. दहा वर्षांपूर्वी असे पत्र एखाद्या टेबलाच्या खणात पडून राहिले असते. १९९४ मध्ये ते आधी कॉम्प्युसर्व्ह या सेवेवर आणि मग युजनेटवरील इंटेलविषयक चर्चागटात पोहोचले. नॉर्वेतील टेरये माथिसेन यांनी चाचणीचा छोटा प्रोग्रॅम लिहिला. जर्मनीतील एका वापरकर्त्याने चुकणाऱ्या संख्यांची यादीच दिली. कॅलिफोर्नियातील अभियंते टिम को यांनी या उदाहरणांवरून चिपच्या आतली भागाकाराची पद्धत कशी असेल, याचा तर्क बांधला. त्या तर्कातून मोठी चूक दाखवणारी एक जोडी त्यांनी शोधून काढली. या धाग्याच्या आरंभी दिलेली जोडी तीच.

११/
या जोडीने वादाचे स्वरूपच पालटले. आता कोणीही साधा कॅल्क्युलेटर प्रोग्रॅम उघडून स्वतः खात्री करू शकत होता. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा, आलेल्या उत्तराला पुन्हा ३१४५७२७ ने गुणा आणि तो गुणाकार मूळ संख्येतून वजा करा. बाकी शून्य यायला हवी. सदोष पेंटियमवर २५६ येत असे. प्राध्यापकाच्या अभ्यासिकेतले कोडे आता घरोघरी करून पाहण्याजोगे झाले.

१२/
भारतात तेव्हा सामान्य माणसाला इंटरनेट उपलब्ध नव्हते. विदेश संचार निगमची सार्वजनिक सेवा मुंबईसह काही शहरांत १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. म्हणजे पुण्यात जन्मलेल्या अभियंत्याच्या नावाशी जोडलेल्या चिपविषयीचा हा गदारोळ आपल्याकडच्या बहुतेक वापरकर्त्यांनी घडत असताना पाहिलाच नाही. एकमेकांशी बोलण्याचे साधन हाती असणे ही ग्राहकाची केवढी मोठी शक्ती असते, हे यावरून ध्यानात यावे.

१३/
७ नोव्हेंबरला 'इलेक्ट्रॉनिक इंजिनीअरिंग टाइम्स'ने बातमी छापली. त्याच महिन्याच्या चौथ्या आठवड्यात सीएनएन आणि पाठोपाठ 'न्यूयॉर्क टाइम्स'ने तिची दखल घेतली. इंटेलचे उत्तर आकडेवारीचे होते: असा चुकीचा भागाकार ९०० कोटींत एकदा घडतो, स्प्रेडशीट वापरणाऱ्या सर्वसाधारण माणसाला तो सरासरी २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. ज्यांना खरोखरच अचूकतेची गरज आहे, त्यांना चिप बदलून देऊ. पण ती गरज आम्हाला पटली पाहिजे!

१४/
या अखेरच्या अटीने ठिणगी पडली. फोन करणाऱ्या ग्राहकाला कंपनीचा माणूस विचारत असे, की तुम्ही संगणकावर नेमके काय काम करता? पूर्ण पैसे मोजून वस्तू घेतलेल्या माणसाने आपण निर्दोष वस्तूला पात्र आहोत हे सिद्ध करायचे, असा हा उलटा न्याय. शिवाय ही चूक मुकी होती. यंत्र बंद पडले, तर निदान कळते. येथे पडद्यावर चुकीचे उत्तर बरोबर उत्तराच्याच थाटात येत होते. पुलाच्या आराखड्यात किंवा कर्जाच्या हिशेबात ते शिरले आहे की नाही, हे वापरणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

१५/
२७ नोव्हेंबरला इंटेलचे प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी युजनेटवर निवेदन दिले. ते एका सहकाऱ्याच्या खात्यावरून आले होते, त्यामुळे ते खरेच त्यांचे आहे का, अशी शंका अनेकांनी घेतली. निवेदनात दिलगिरी होती. परंतु चिप कोणाला बदलून मिळेल, हे कंपनीच ठरवील, ही भूमिका कायम होती. राग शमण्याऐवजी वाढला. पेंटियमच्या गणितावरचे विनोद सर्वत्र फिरू लागले.

१६/
१२ डिसेंबरला आयबीएमने पेंटियम असलेल्या संगणकांची विक्री थांबवली आणि स्वतःचा हिशेब मांडला: रोज पंधरा मिनिटे स्प्रेडशीटमध्ये आकडेमोड करणाऱ्याला ही चूक २४ दिवसांतून एकदा भेटू शकते. २७,००० वर्षे कोठे आणि २४ दिवस कोठे! येथे आयबीएमचा हेतूही पारखला पाहिजे. ॲपल आणि मोटोरोला यांच्यासह ती कंपनी पॉवरपीसी हा प्रतिस्पर्धी प्रोसेसर उभा करत होती.

१७/
मग खरा आकडा कोणता? दोन्ही हिशेबांतली आकडेमोड आपापल्या जागी बरोबर आहे. फरक गृहीतकांचा आहे. इंटेलने धरले, की वापरकर्ता दिवसाला सुमारे हजार भागाकार करतो आणि त्यातल्या संख्या कशाही विखुरलेल्या असतात. आयबीएमने धरले, की भागाकार दिवसाला ४० लाखांहून अधिक होतात आणि व्यवहारातल्या संख्यांमध्ये धोक्याच्या संख्या जास्त आढळतात. कोणतीही आकडेवारी वाचताना ती कोणी मांडली, काय गृहीत धरून मांडली आणि त्यात त्याचा स्वार्थ काय, हे तीन प्रश्न विचारायलाच हवेत. शिलालेखातला सैन्याचा आकडा असो वा कंपनीचे पत्रक, कसोटी एकच.

१८/
२० डिसेंबर १९९४ रोजी इंटेलने माघार घेतली. वृत्तपत्रांतून जाहीर क्षमा मागितली आणि मागेल त्याला, काहीही न विचारता, चिप बदलून देण्याचे मान्य केले. जानेवारी १९९५ मध्ये कंपनीने यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशेबात दाखवला. पाच रिकाम्या घरांची ही किंमत. त्याहून अधिक म्हणजे, ती घरे रिकामी असल्याचे ठाऊक असून गप्प बसल्याची किंमत.

१९/
आता या कथेतला सर्वांत बोलका भाग. चिप फुकट बदलून मिळू लागली, तेव्हा बहुसंख्य ग्राहकांनी ती बदलून घेतलीच नाही! मग हा सारा गोंधळ व्यर्थ होता का? मला तसे वाटत नाही. बहुतेकांचे काम त्या चिपवर बिनघोर चालले असते, हे इंटेलचे म्हणणे एका अर्थी खरेच होते. ग्राहकांचा आग्रह वेगळ्या गोष्टीसाठी होता. आपल्याला काय पुरेसे आहे, हे आपण ठरवू, एवढेच त्यांचे मागणे होते. तो हक्क मान्य झाला आणि बहुतेकांनी जुनीच चिप ठेवली.

२०/
परिणाम दूरगामी झाले. इंटेल आपल्या प्रोसेसरांतील ज्ञात दोषांच्या याद्या जाहीरपणे प्रसिद्ध करू लागली. केवळ नमुन्यादाखल चाचण्या घेण्यावर न थांबता, चिपमधील गणिती भाग बरोबर आहेत हे गणिती सिद्धतेने पडताळण्याच्या पद्धतीला मोठी चालना मिळाली. ग्रोव्ह यांनी १९९६ च्या आपल्या पुस्तकात हा प्रसंग सविस्तर लिहिला. आपण आता थेट सामान्य ग्राहकांशी बांधलेलो आहोत, हे कंपनीच्या उशिरा लक्षात आले, अशी त्यांची मांडणी आहे. सदोष चिपांच्या कीचेन करून त्या कर्मचाऱ्यांना आठवण म्हणून देण्यात आल्या.

२१/
नाइसली २०१९ मध्ये निवर्तले. त्यांना कंपनीशी भांडण करायचे नव्हते; आपली बेरीज बरोबर आहे ना, एवढेच पाहायचे होते. तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा संशोधकांच्या आणि उद्योजकांच्या नावाने लिहिला जातो. पण वस्तू विकत घेऊन, ती रोज वापरून, "हे जुळत नाही" असे म्हणणाऱ्या माणसाचेही त्यात स्थान आहे. आज आपल्या हातातल्या यंत्रांचे दोष कंपन्या जाहीर करतात, त्यामागे अशा चिकित्सक वापरकर्त्यांचा दबाव आहे.

२२/
धागा येथे संपतो. आपल्या घरात किंवा ओळखीत कोणी १९९४-९५ च्या सुमारास पेंटियम संगणकावर काम केले असेल, तर त्यांना अवश्य विचारा, ती २५६ ची बाकी त्यांनी कधी पाहिली होती का? आठवण मिळाली, तर खाली लिहा. अशा छोट्या साक्षी वेळीच नोंदवल्या नाहीत, तर त्या हरवतात.