मोठेपणी झालेला मधुमेह नेहमी 'टाइप २'च असतो का? योग्य निदान कसे होते?

'शुगर निघाली' हे शब्द कराड-पाटणपासून सांगली-मिरजेपर्यंत आता घरोघरी ऐकू येतात. आयसीएमआर-इंडिआब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यांतील बहुतेकांना टाइप २ मधुमेह असतो. त्यामुळे चाळिशीतल्या माणसाची साखर वाढलेली दिसली की तोच प्रकार गृहीत धरून गोळ्या सुरू होतात. बहुतेक वेळा हा अंदाज बरोबर ठरतो. पण तो चुकला, तर ज्याला इन्सुलिनची गरज आहे तो रुग्ण महिनोन्‌महिने फक्त गोळ्या बदलत राहतो.

पहिला प्रश्न : मधुमेह आहे का?

पुढीलपैकी एक निकष पूर्ण झाला तर मधुमेह मानला जातो :

• उपाशीपोटी साखर १२६ किंवा अधिक
• ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक
• एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ६.५ टक्के किंवा अधिक
• खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणे अशी लक्षणे असताना कोणत्याही वेळी साखर २०० किंवा अधिक

लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर निदान करत नाहीत. दुसरी तपासणी करून खात्री केली जाते. शिबिरात बोटाला टोचून केलेली तपासणी ही फक्त चाळणी असते. निदानासाठी शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत तपासावे लागते.

एचबीए१सीचीही एक मर्यादा आहे. लोहाच्या कमतरतेमुळे ॲनिमिया असेल तर हा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. सिकलसेल आजारात किंवा नुकताच रक्तस्राव झाला असेल, रक्त चढवले असेल, तर तो फसवा ठरू शकतो. अशा वेळी उपाशीपोटीच्या आणि दोन तासांनंतरच्या साखरेवर भर दिला जातो.

दुसरा प्रश्न : कोणता मधुमेह?

टाइप २ मध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि हळूहळू इन्सुलिन कमीही पडू लागते. टाइप १ मध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. हा 'लहान मुलांचा मधुमेह' असा समज आहे, पण तो कोणत्याही वयात होतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासात, साठ वर्षांपर्यंत टाइप १ झालेल्यांपैकी ४२ टक्के जणांना तो तिशीनंतर झाल्याचे दिसले.

ब्रिटनच्या माजी पंतप्रधान थेरेसा मे हे याचे प्रसिद्ध उदाहरण. २०१२ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी त्यांना मधुमेह असल्याचे कळले. सुरुवातीला तो टाइप २ समजून उपचार झाले. औषधांचा उपयोग होईना तेव्हा पुढच्या तपासण्या झाल्या आणि तो टाइप १ असल्याचे स्पष्ट झाले.

काही प्रौढांमध्ये प्रतिकारशक्तीमुळे होणारा हा मधुमेह फार सावकाश वाढतो. त्याला 'लाडा' म्हणतात. यात सुरुवातीचे काही महिने, कधी काही वर्षे, गोळ्या लागू पडतात. म्हणूनच टाइप २ चा गैरसमज पक्का होतो. याशिवाय स्वादुपिंडाच्या आजारामुळे, स्टिरॉइडच्या औषधांमुळे किंवा एकाच जनुकातील दोषामुळे होणारा ('मोडी') मधुमेहही असतो.

फक्त बांध्यावरून ओळखता येते का?

पाश्चात्त्य पुस्तकांतला ढोबळ नियम असा की लठ्ठ माणसाला टाइप २ आणि सडपातळ माणसाला टाइप १. आपल्याकडे तो चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ असलेल्या भारतीय माणसालाही टाइप २ होतो, तो यामुळे. उलट, पोट सुटलेल्या माणसालाही टाइप १ होऊ शकतो. म्हणून शंका असेल तिथे तपासणीच करावी लागते.

शंका कधी घ्यावी?

• जेवण नेहमीसारखे असूनही वजन झपाट्याने उतरणे
• औषधे वेळेवर आणि पथ्य पाळूनही काही महिन्यांतच साखर पुन्हा चढणे
• लघवीत किंवा रक्तात कीटोन सापडणे
• स्वतःला किंवा घरात कुणाला थायरॉइडचा प्रतिकारशक्तीशी निगडित आजार, कोड किंवा टाइप १ असणे
• वारंवार पोटदुखी आणि तेलकट शौच (इथे स्वादुपिंडाची सोनोग्राफी उपयोगी पडते)
• घरात लागोपाठच्या पिढ्यांत पंचविशीच्या आत मधुमेह झालेला असणे

कोणत्या तपासण्या होतात?

पहिली 'गॅड अँटिबॉडी'. लक्षणे जुळत असताना ती पॉझिटिव्ह आली तर टाइप १ किंवा लाडाकडे बोट जाते. निगेटिव्ह आली म्हणून टाइप १ नाहीच, असे मात्र नसते. काही वेळा इतर अँटिबॉडीही तपासतात.

दुसरी 'सी-पेप्टाइड'. शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते, हे तिच्यावरून कळते. त्याच वेळी साखरही तपासावी लागते. साखर फार वाढलेली असताना किंवा निदान नुकतेच झाले असताना ही तपासणी दिशाभूल करू शकते. आजार काही वर्षांचा झाल्यावर तिचा अर्थ जास्त स्पष्ट लागतो.

या तपासण्या सरसकट सगळ्यांना लागत नाहीत. खर्चही असतो. वरची चिन्हे असतील तरच डॉक्टर त्या सुचवतात.

कराड परिसरात सुरुवात कुठून करावी?

सरकारी असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह तपासणी होते. त्यासाठी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कराडचे वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय गाठता येते. गुंतागुंत असेल तर मलकापूरच्या कृष्णा रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. अँटिबॉडीसारख्या तपासण्यांसाठी रक्ताचा नमुना अनेकदा इथे घेऊन मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवला जातो. जाताना जुने सगळे रिपोर्ट, औषधांची चिठ्ठी आणि गेल्या वर्षभरातील वजनाची नोंद सोबत असावी. 'माझा मधुमेह कोणत्या प्रकारचा आहे आणि तो कशावरून ठरवला?' हा प्रश्न रुग्णाने जरूर विचारावा.

ही लक्षणे दिसली तर थांबू नये

साखर वाढलेली असताना उलट्या, पोटात तीव्र दुखणे, जोरजोरात खोल श्वास, श्वासाला फळासारखा वास, गुंगी, यांपैकी काही दिसले तर ती 'कीटोॲसिडोसिस'ची खूण असू शकते. हा जिवावरचा प्रसंग आहे. लगेच १०८ ला फोन करावा किंवा रुग्णालय गाठावे. टाइप २ च्या काही गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, इन्सुलिनची कमतरता असलेल्या रुग्णात हा धोका वाढवतात. काही वेळा साखर फार वाढलेली नसतानाही तो होतो. प्रकार योग्य ओळखणे म्हणूनच गरजेचे असते.

प्रकाराबद्दल शंका आली तरी औषधे स्वतःहून बंद करू नयेत. इन्सुलिन घेणाऱ्याने तर एखाद्या काढ्याच्या किंवा चूर्णाच्या भरवशावर ते कधीच थांबवू नये. टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद झाले की काही तासांत ते एक-दोन दिवसांत प्रकृती गंभीर होऊ शकते.