घरच्या घरी इंजिन ऑइल बदलताना

मोटारीचे इंजिन ऑइल बदलणे हे गॅरेजमध्येच करावयाचे काम आहे, असा अनेक मोटारमालकांचा समज असतो. वस्तुतः साध्या पेट्रोल मोटारीसाठी हे तास-दीड तासाचे काम आहे. हात काळे होण्याची तयारी मात्र हवी. नवी मोटार वॉरंटीच्या मुदतीत असेल तर माहितीपुस्तिकेतील अटी आधी वाचाव्यात आणि ऑइल व फिल्टरची बिले जपून ठेवावीत.

इंजिनातील धातूच्या भागांमध्ये तेलाचा पातळ थर राखून घर्षण कमी करणे, हे ऑइलचे मुख्य काम. त्याखेरीज ते उष्णता वाहून नेते, काजळी व धातूचे सूक्ष्म कण स्वतःमध्ये सामावून घेते आणि गंज रोखते. कालांतराने त्यातील रासायनिक पूरके संपत जातात. म्हणूनच मोटार कमी धावली तरी ऑइल मुदतीत बदलणे श्रेयस्कर. अनेक मोटारींसाठी ही मुदत १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल ते, अशी असते. मुंबई-पुण्याच्या कोंडीत किलोमीटरचा आकडा हलत नसला तरी इंजिन चालूच असते, हे येथे लक्षात घ्यावे.

डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ यासारख्या आकड्यांचा अनेकांना उलगडा होत नाही. ‘डब्ल्यू’ हे विंटरचे आद्याक्षर. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके ऑइल थंडीत अधिक प्रवाही. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा दर्शवितो. दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा पुस्तिकेतील श्रेणी प्रमाण मानावी. भारत स्टेज-६ मानकाच्या ज्या डिझेल मोटारींत काजळी अडविणारा फिल्टर असतो, त्यांना कमी राख सोडणारे विशेष ऑइल लागते. तेथे प्रयोग नकोत.

काम सुरू करण्यापूर्वी इंजिन पाच मिनिटे चालवून बंद करावे. ऑइल कोमट झाले की चांगले वाहते. कढत असेल तर हात भाजतो. मोटार सपाट, टणक जमिनीवर उभी करून हँडब्रेक ओढावा आणि जमिनीवर टेकलेल्या चाकांना ओंडके लावावेत. केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या मोटारीखाली कोणत्याही परिस्थितीत शिरू नये. जॅक हा मोटार उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नव्हे. विटांची चळतही ऐनवेळी फुटते. वजन पेलणारे लोखंडी स्टँड नसतील, तर हे काम गॅरेजवर सोपवावे.

चेंबरच्या तळाशी असलेला नट योग्य मापाच्या रिंग पान्याने सैल करून खाली घमेले ठेवावे. ऑइल प्रथम जोराने, नंतर धारेने आणि शेवटी थेंबाथेंबाने येते. शेवटच्या टप्प्यासाठी दहा मिनिटे द्यावीत. नट परत बसविताना नवा वॉशर घालावा आणि आटे हातानेच धरवावेत. चेंबर ॲल्युमिनियमचे असल्यास पान्यावर अधिक जोर दिल्याने आटे जातात आणि वाचविलेल्या मजुरीच्या कित्येक पट खर्च नव्या चेंबरवर होतो.

फिल्टर काढल्यावर त्याचे रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिलेले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. जुन्या कड्यावर नवा फिल्टर बसला, तर दाब वाढताच तेथून ऑइल उसळते आणि काही मिनिटांत चेंबर रिकामे होते. मुरलेल्या कारागिराकडूनही ही चूक होते. नव्या फिल्टरच्या कड्याला बोटभर ताजे ऑइल लावून तो हातानेच आवळावा. कडे टेकल्यानंतर साधारण पाऊण फेरा पुरतो. पाना लावू नये.

लहान मोटारींत सुमारे तीन ते साडेतीन लिटर ऑइल मावते. नरसाळ्याने थोडे कमीच ओतावे, इंजिन मिनिटभर चालवून दाबाचा लाल दिवा विझतो का आणि खाली गळती होते का ते पाहावे. नंतर मोटार सपाट जमिनीवर आणून, इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसून पातळी तपासावी. ती दोन खुणांच्या दरम्यान हवी. जास्त भरलेले ऑइलही घातकच. डिपस्टिकवर दुधाळ, चहासारखा रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी शिरल्याची शक्यता असते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारीबाबत विशेष सावध राहावे आणि इंजिन चालू न करता कारागिराला बोलवावे.

उरतो तो काळ्या ऑइलचा प्रश्न. सोसायटीच्या गटारात ते ओतणाऱ्यांना ते पुढे नदीत किंवा खाडीतच जाते, याचे भान नसते. वापरलेल्या ऑइलमध्ये कर्करोगकारक घटक असतात. म्हणून हातमोजे वापरावेत. कायद्यानेही त्याची गणना घातक कचऱ्यात होते. झाकणाच्या डब्यात भरून ते अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी ऑइल गोळा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे, आधी विचारून, द्यावे. जमिनीवर सांडलेल्या थेंबांवर लाकडाचा भुसा टाकावा. नव्या ऑइलचा रिकामा डबा मात्र भंगारात देण्यापूर्वी कापून टाकावा. बनावट ऑइल विकणाऱ्यांना असेच धड डबे हवे असतात.