तिकडे गवंडी नाहीत का?



गेल्या महिन्यात उपासनेनंतर आमच्या तरुण संघाची बैठक झाली. नेपाळमधल्या एका लहानशा मंडळीचे प्रार्थनागृह अर्धवट राहिले आहे. आपल्यातली दहा-बारा मुले पंधरा दिवसांसाठी तिकडे जातील, दिवसा बांधकामाला हात लावतील, संध्याकाळी गीते आणि साक्ष, मुलांसाठी शास्त्रातल्या गोष्टी, असा बेत होता. प्रवासखर्चाचा हिशेब फळ्यावर लिहून झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून महिला संघातल्या एका आजींनी विचारले, "तिकडे गवंडी नाहीत का रे?"

काहीजण हसले. पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. फळ्यावरच्या त्या रकमेत त्या भिंतींचे निम्मे सिमेंट आले असते, हे आमच्यातल्या प्रत्येकाला त्याच क्षणी दिसले. बैठक तशीच उठली आणि प्रश्न आमच्याबरोबर घरी आला.

आम्ही राहतो त्या गावाला हा प्रश्न नवा नाही. आमचे लष्कर हेच मुळात एक तात्पुरता मुक्काम. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. तंबू आले, तंबूंमागून बाजार आला, बाजारामागून वाडे आले, आणि छावणीचेच नाव शहराला चिकटले. काही दिवसांसाठी आलेली माणसे दोनशे वर्षे राहिली. म्हणून तर आज महाराज बाड्यावर भाजी घेताना अजून मराठी कानावर पडते.

परदेशातून येऊन इथे बांधकाम करणारे ख्रिस्ती लोकही आपल्याला ठाऊक आहेत. जयविलास महाल १८७४ मध्ये उभा राहिला तो मायकेल फिलोज यांच्या आराखड्यावर. हे घराणे मूळचे इटलीतल्या नेपल्सचे, धर्माने कॅथलिक, आणि पिढ्यान्‌पिढ्या शिंद्यांच्या चाकरीत मुरलेले. दरबार हॉलची प्रचंड झुंबरे टांगण्याआधी छत पेलते का हे पाहायला छतावर हत्ती चढवले होते, ही गोष्ट इथले प्रत्येक मूल ऐकते. हत्ती आठ की दहा, ते सांगणाऱ्यावर अवलंबून. फिलोज मिशनरी नव्हते, पण आधी भार पेलून दाखवा, मग सजावट करा, ही त्यांची रीत आमच्या तरुण संघाला सांगण्यासारखी आहे.

त्याच १८७४ साली जोसेफ वॉरन हे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी पत्नीसह आमच्या शेजारी मुरारला आले. हे काही नवखे नव्हते. तरुणपणी अलाहाबादला मिशनचा छापखाना त्यांनीच उभा केला होता. पंधरा वर्षे काम करून ते मायदेशी परतलेही होते. म्हातारपणी पुन्हा आले, आणि तीनच वर्षांनी, १८७७ मध्ये, वारले. तीन वर्षांत काय होणार? पण त्यांच्या पत्नी त्यानंतरही मुरारलाच राहिल्या. आपल्याकडच्या मंडळ्यांच्या इतिहासात अशा मागे राहिलेल्या बायकांना एकेक ओळ मिळते. खरे तर प्रकरण मिळायला हवे.

आणि आता ज्यांच्याविषयी सविस्तर लिहायचे आहे, ते सॅम हिगिनबॉटम. योगायोग पाहा, यांचा जन्मही १८७४ चाच, इंग्लंडमध्ये मँचेस्टरचा. घरची गरिबी. अमेरिकेत जाऊन, मूडींनी काढलेल्या शाळेत आणि पुढे प्रिन्स्टनला शिकून ते १९०३ मध्ये भारतात आले. मनात होते खेड्यापाड्यांत, दलित वस्त्यांत सुवार्ता सांगण्याचे. अलाहाबादला पोहोचल्यावर मिशनने सांगितले, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवा. मनासारखे काम मिळाले नाही म्हणून ते रुसले नाहीत. विद्यार्थ्यांना घेऊन ते आसपासची खेडी पाहू लागले. पुस्तकातले अर्थशास्त्र आणि शेतकऱ्याच्या घरातली रिकामी कणगी यांचा मेळ बसेना. भुकेल्याला नुसते वचन देऊन कसे चालेल, हा याकोबाच्या पत्रातला प्रश्न त्यांना रोज भेटू लागला. यमुनेपलीकडे नैनीला कुष्ठरोग्यांचा आश्रम होता, त्याचीही जबाबदारी त्यांच्याकडे आली.

पुढे त्यांनी जे केले ते आम्हांला फार मोलाचे वाटते. प्रौढ वयात, बायकामुले असताना, शिक्षक असलेला हा माणूस अमेरिकेला परत गेला आणि पुन्हा विद्यार्थी झाला. ओहायोच्या विद्यापीठातून १९११ मध्ये शेतीची पदवी घेतली, देणग्या जमवल्या आणि नैनीजवळ सुमारे पावणेतीनशे एकर जमिनीवर कृषी संस्था उभी केली. जमीन निवडली तीही चांगली नव्हे. तणाने आणि ओघळींनी खाल्लेली, कुणाला नको असलेली. उन्हाळी नांगरट, मूरघासाचे खड्डे, हिरवळीचे खत, जातिवंत गाईगुरे, असे काम तिथे सुरू झाले.

ही कीर्ती आमच्या लष्करापर्यंत आली. गादीवर माधवराव शिंदे होते. रेल्वे, कालवे, धरणे यांचा ध्यास असलेला राजा. त्यांनी या मिशनऱ्याला ग्वाल्हेर संस्थानच्या शेती खात्याचे संचालक केले. १९१६ ते १९१९, अशी तीन वर्षे हिगिनबॉटम अलाहाबादची संस्था सांभाळून हे काम पाहत होते. मराठा हिंदू राजा एका ख्रिस्ती मिशनऱ्याच्या हाती आपल्या रयतेची शेती सोपवतो, आणि मिशनरीही प्रवचनाची अट न घालता ती हाती घेतो! दोन्ही बाजूंचा हा विश्वास आज विचार करायला लावतो. आमच्या मंडळीत "मग यात सेवाकार्य कुठे?" असे विचारणारेही आहेत. हिगिनबॉटम यांनी १९२१ मध्ये पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच त्यांनी सुवार्ता आणि नांगर शेजारी ठेवले. आम्हांला तेवढे उत्तर पुरते.

तीन वर्षांचा काळ सुखाचा नव्हता. १९१७ च्या पावसाळ्यात आमच्याजवळचे नवे तिघरा धरण फुटले. पाया ज्या खडकावर होता त्यातूनच पाणी शिरले. माणसे गेली, गावे वाहिली. पुढे धरण पुन्हा बांधले गेले आणि आज आम्ही नळाला जे पाणी भरतो ते तिघराचेच. खडकावर बांधलेल्या घराचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकतो. खडकसुद्धा आतून तपासावा लागतो हे तिघराने शिकवले.

नांगराचीही एक गोष्ट सांगतो. विलायती लोखंडी नांगर चांगला खरा, पण आपल्या बैलजोडीला तो ओढवेना आणि मोडला तर गावच्या लोहाराला जोडता येईना. १९२१ मध्ये मेसन वॉ नावाचे अभियंते नैनीला आले. इथल्या बैलांना झेपेल, इथल्या शेतकऱ्याला परवडेल असा नांगर बनवण्यात त्यांनी वर्षे घातली. त्या नांगरांची नावे 'वाह-वाह' आणि 'शाबाश' अशी ठेवली गेली. (आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगरही सुरुवातीला दोन वर्षे पडून होता, लोखंडाने जमीन विषारी होते असे लोक म्हणत. चांगली वस्तू नेली म्हणजे ती लगेच घेतली जाते असे नाही.)

आता ग्वाल्हेर सोडून जरा महाराष्ट्रात येऊ, कारण थोड्या दिवसांच्या बांधकाम-सेवेचे आपल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेले उदाहरण तिथले आहे. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर, वय ८२, लोणावळ्याजवळ मळवलीच्या बाजूला पाटण गावात हातोडी घेऊन उभे होते. 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' या १९७६ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्ती संस्थेचे ते काम. देशोदेशींचे स्वयंसेवक आले आणि आठवड्याभरात शंभर घरांचे काम झाले. आठवड्यात शंभर! पण या संस्थेची रीत अशी की ज्याचे घर त्यानेही घाम गाळायचा आणि घराचे पैसे सवडीने, हप्त्याने फेडायचे. पाहुणा एक आठवडा असतो, घरमालक आधीही असतो आणि नंतरही. कार्टर यांच्या आई लिलियन तर अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ मध्ये, विक्रोळीला परिचारिका म्हणून आल्या होत्या आणि जवळजवळ दोन वर्षे राहिल्या. मुलाच्या आठवड्याची बातमी जगभर झाली. आईची दोन वर्षे विक्रोळीच्या रुग्णांनी पाहिली.

हे सगळे वाचता वाचता आम्ही नहेम्याचे पुस्तक पुन्हा उघडले. तोही रजा काढून बांधकामाला गेलेला माणूस. दुसऱ्या अध्यायात राजा त्याला विचारतो की तुझ्या प्रवासाला किती काळ लागेल आणि तू परत कधी येशील. नहेम्या त्याला मुदत सांगतो. यरुशलेमेत पोहोचल्यावर तीन दिवस तो कुणाशी काही बोलत नाही. रात्री उठून, थोडी माणसे घेऊन, पडलेला तट आधी नीट पाहतो. आणि तिसरा अध्याय, जो आपण वाचनात नेहमी गाळतो, कारण नुसती नावे! त्या नावांत सोनार आहेत, अत्तरे बनवणारे आहेत, शल्लूमाच्या मुली आहेत. तकोवाचे बडे लोक मान वाकवायला तयार नव्हते, हेही नोंदवलेले आहे. बरेचजण आपापल्या घरासमोरचा भाग बांधतात. तट बावन्न दिवसांत पुरा होतो. नहेम्याने स्वतः किती विटा रचल्या ते कुठेच लिहिलेले नाही. आणि मुदतीचे म्हणाल, तर पाचव्या अध्यायात कळते की तो बारा वर्षे तिथे राहिला.

पुढच्या बैठकीत आम्ही हे वाचून दाखवले. मग ठरले की आधी पत्र लिहायचे. आम्ही काय आणू, हे सांगण्याऐवजी तुम्हांला काय हवे, असे विचारायचे. खरे सांगतो, हे पहिल्यांदा का सुचले नाही याची लाज वाटली.

उत्तर आले आहे. भिंती त्यांच्या त्यांनी उचलल्या आहेत, गवंडी मंडळीतलेच आहेत. पत्र्यांसाठी पैसे कमी पडतात, ते पावसाळ्याआधी मिळाले तर बरे. वायरिंग करणारा माणूस गावात नाही. एखादा येऊन तिथल्या दोन मुलांना शिकवील का? आणि बाकीच्यांनी यायचे तर भाताची कापणी झाल्यावर यावे, म्हणजे सगळ्यांना बसून बोलायला सवड असेल.

पत्र्यांच्या पैशांसाठी येत्या रविवारी विशेष अर्पण घेतले जाईल. आमच्यातला एकजण आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आहे. महिनाभराच्या रजेचा अर्ज त्याने दिला आहे, अजून मंजूर व्हायचा आहे. आजींनी त्याला देण्यासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करा.