डिचोलीचा बिशप

पणजीहून जुन्या गोव्याकडे निघाले की मांडवीच्या पात्रात डाव्या हाताला दिवाडीचे बेट दिसू लागते. या बेटावरील सप्तकोटेश्वराचे देऊळ फिरंग्यांनी पाडले, देव नदीपलीकडे आदिलशाही मुलखात नार्वे येथे गेला आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार केला, ही हकीकत मराठी वाचकास परिचित आहे. याच बेटावरचा एक ख्रिस्ती धर्मगुरूही फिरंग्यांच्या जाचापायी त्याच मुलखाच्या आश्रयास गेला होता. तो मात्र आपल्या इतिहासग्रंथांतून फारसा भेटत नाही. त्याचे नाव मातेउश दे कास्त्रो, आणि घराण्याचे मूळ आडनाव महाले.

१५९४च्या सुमारास तो जन्मला, तेव्हा दिवाडीचे लोक ख्रिस्ती होऊन एक पिढी लोटली होती. घराणे ब्राह्मणाचे. बारदेशात रेइश मागुश येथे फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या विद्यालयात तो शिकला. मुलगा बुद्धीने तल्लख होता, आणि त्याची इच्छा एकच होती, पाद्री होण्याची. गोव्याच्या आर्चबिशपाने त्याला दीक्षा नाकारली.

हा नकार नुसता एका माणसाच्या लहरीचा नव्हता. बारदेशातील चर्चे फ्रान्सिस्कनांच्या हाती, साष्टीतील जेझुइटांच्या. या संघांतून देशी माणसाला प्रवेश जवळजवळ नव्हताच. जेझुइटांनी १५७५ साली पेरो लुइश नावाच्या एका मलबारी ब्राह्मणाला आत घेतले, आणि पुढे कितीतरी काळ दुसऱ्यासाठी दार उघडले नाही. शिवाय पूर्वेकडच्या चर्चचे धनीपण पोपने पोर्तुगालच्या राजाला देऊन टाकलेले. याला पाद्रोआदो म्हणत. चर्चे राजाने बांधावी, पाद्र्यांचा खर्च राजाने सोसावा, आणि त्याबद्दल बिशपही राजानेच निवडावा, असा तो व्यवहार. आपल्याकडच्या वतनदारीची ज्याला माहिती आहे त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको.

कास्त्रोने मग जे केले ते त्या काळच्या गोमंतकीयाने करणे नवलाचेच. १६२१ साली तो इराणच्या वाटेने खुष्कीने निघाला आणि १६२५ साली रोमला पोचला. वेळ त्याच्या पथ्यावर पडली. १६२२ मध्येच पोपने धर्मप्रसारासाठी ‘प्रोपागांदा फिदे’ नावाचे स्वतंत्र खाते काढले होते, आणि त्याचा चिटणीस फ्रांचेस्को इंगोली याला पाद्रोआदोचा मनस्वी कंटाळा होता. राजांच्या हातून चर्च सोडवावयाचे तर त्या त्या देशाचे पाद्री तयार केले पाहिजेत, असे त्याचे मत. गोव्याचा हा हट्टी तरुण म्हणजे त्याला आयताच सापडलेला पुरावा होता. कास्त्रो रोममध्ये शिकला, पाद्री झाला आणि १६३३ साली पोपची पत्रे घेऊन गोव्यास परतला. गोव्याच्या अधिकाऱ्यांनी ती पत्रे मानली नाहीत. राजाची मान्यता कोठे आहे, एवढाच त्यांचा सवाल.

तो पुन्हा रोमला गेला. १६३७ साली रोमने त्याला गुपचूप बिशपपदाचा अभिषेक केला. पद नावापुरते, क्रिसोपोलिस या लांबच्या शहराचे. काम मात्र आदिलशाही मुलखातले, कारण तेथे पोर्तुगालचे राज्य नव्हते. लॅटिन पंथाचा हा पहिला हिंदी बिशप. त्याने ठाणे दिले डिचोलीला. गोव्यातल्या ज्या ब्राह्मण तरुणांना तेथे दीक्षा मिळत नसे त्यांना तो देऊ लागला, आणि गोव्याने त्या दीक्षा बेकायदा ठरविल्या. मुसलमान सुलतानाच्या छत्राखाली ख्रिस्ती बिशप निर्वेध राहतो आणि ख्रिस्ती राज्यात त्याला पाऊल ठेवणे कठीण होते! जेझुइट पात्रिआर्क आफोन्सो मेन्देश याने तर त्याच्या रंगावरून त्याची कुचेष्टा केली. धर्मशास्त्रात त्याला निरुत्तर करता येत नसावे, असेच म्हणावे लागते.

१६५३ साली कास्त्रोने गोव्याच्या ख्रिस्ती ब्राह्मणांना उद्देशून ‘ब्राह्मणांचा आरसा’ या नावाचे पोर्तुगीज पत्र लिहिले. फिरंगी सत्ता आणि तिचे पाद्री यांच्यावर त्यात कडक प्रहार होते. त्याच साली गोव्यात व्हाइसरॉयलाच पदच्युत करण्यात आले. ते करणारा ब्राश दे कास्त्रो हा निराळा, अस्सल पोर्तुगीज, याचा आमच्या बिशपाशी संबंध नाही. १६५४ मध्ये विजापूरचे सैन्य गोव्यावर चालून आले आणि परतले. सैन्य बिशपाने आणले, डचांशीही त्याचे संगनमत आहे, असा पोर्तुगीजांनी गिल्ला केला.

यावरून त्याला गोमंतकाच्या स्वातंत्र्याचा आद्य पुरस्कर्ता ठरविण्याचा मोह पुष्कळांना होतो. मला ते पटत नाही. त्याला हवे होते ते चर्चमध्ये आपल्या माणसांना मानाचे स्थान, आणि ‘आपली माणसे’ कोण हे त्याच्या पत्राच्या नावातच आहे. गोव्यातले चारदो, गावडे, कुणबीही ख्रिस्तीच होते. त्या आरशात त्यांचे मुख दिसण्याची सोय नव्हती. वर्णाचा अपमान सोसून पेटून उठलेला हा माणूस जातीचा अभिमान काही टाकू शकला नाही. तरीही, ज्या धर्माने सर्व माणसे एका पित्याची लेकरे म्हणून सांगितले त्याला, तुझे म्हणणे खरे करून दाखव, असे रोमपर्यंत चालत जाऊन विचारणारा आपल्याकडचा पहिला माणूस तोच.

१६५८च्या सुमारास तो रोमला गेला, तो परत आला नाही. १६७७ साली तेथेच वारला. डिचोलीचे काम कुश्तोदियो दे पिन्योकडे गेले. पुढे या गादीवर इटालियन कार्मेलाइट आले आणि १७२० साली ती मुंबईस इंग्रजांच्या आश्रयास गेली. मुंबईचे आर्चडायोसीस आपला आरंभ १६३७ पासून मोजते. तेथे पहिला हिंदी आर्चबिशप नेमला गेला १९५० साली. ते वालेरियन ग्रासियस. त्यांचे आईबाप गोव्याचे होते.