गव्हाचें निमित्त

इ. स. १८८८ मध्यें लंडनचे डॉक्टर सॅम्युअल जी यांनीं सीलिअ‍ॅक रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. पोट फुगलेलीं, अंगानें वाळत जाणारीं मुलें त्यांनीं पाहिलीं होतीं. गुण आलाच तर आहारानेंच येईल, हें त्यांनीं ओळखलें. अपथ्य कोणतें, तें मात्र उमगलें नाहीं.

हॉलंडमधील बालरोगचिकित्सक विलेम डिके यांचा संशय गव्हावर होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत युद्धामुळें तेथें पाव मिळेनासा झाला. आणि इतर मुलें खंगत असतां या रोगाचीं मुलें सुधारूं लागलीं! १९५० च्या प्रबंधांत डिके यांनीं गव्हाचा दोष साधार मांडला. पुढें तो ग्लूटेन या प्रथिनाचा ठरला.

आज जगांत शंभरांत सुमारें एकास हा रोग असावा, असा अंदाज आहे. पैकीं पुष्कळांचें निदानच होत नाहीं. प्रौढांत तो कित्येकदां अतिसाराऐवजीं रक्तक्षय वा ठिसूळ हाडें या रूपानें वावरतो. रक्ततपासणी आणि आंतड्याच्या अस्तराची परीक्षा यांनीं तो उघड होतो. परंतु रोग्यानें आधींच गहू सोडला असेल, तर त्या परीक्षाही फसतात. गव्हाच्या ज्या अभावानें एकेकाळीं रोगाचें मूळ दाखविलें, तोच अभाव आतां रोग झांकतो. म्हणून आधीं परीक्षा, मग पथ्य.